कचेरीचा फोन आणि घरचा निरोप

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजच्या वर्गात पेन्शन, रिक्त जागा, खासगीकरण असे मोठे विषय आहेत. त्यांच्या रांगेत "प्रशासनाने दिलेल्या मोबाइलवरून घरी फोन करावा की नाही" हा विषय पाहून काहींना हसू आले असेल. पण शाखा कचेरीत येणारे कागद उघडून बघा. ड्युटीवर फोनवर बोलताना सापडला म्हणून मेमो, बिल जास्त आले म्हणून वसुली, फोन उचलला नाही म्हणून खुलासा. कागद छोटा असतो, पण तो सर्व्हिस रेकॉर्डला चिकटतो आणि बढतीच्या वेळी डोके वर काढतो. म्हणून हा विषय मी मुद्दाम घ्यायला सांगितला. पोस्टातले बंधूही आज इथे आहेत, आणि त्यांची कथा आपल्यापेक्षा वेगळी नाही.

प्रथम हा नियम आला कुठून ते पाहू. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आलेला फोन फुकट झाला तो मे २००३ मध्ये. अशा दिवसांत ज्याच्या हाती कचेरीचा मोबाइल होता त्याने घरी दहा मिनिटे गप्पा मारल्या तर त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडत होता. "खासगी कॉल करू नये, केल्यास रक्कम भरावी" हा नियम त्या काळात वाजवी होता. त्याला आपण कधी विरोध केला नाही आणि करायचेही कारण नव्हते. सरकारी पैसा म्हणजे शेवटी तिकीट काढणाऱ्याचा आणि पाकिटावर तिकीट चिकटवणाऱ्याचा पैसा.

पुढे रेल्वेत सी.यू.जी. फोन आले. आपसातले कॉल मोफत, बाहेरच्या कॉलला पैसे. १ जानेवारी २०१९ पासून रेल्वेची ही सेवा एअरटेलकडून रिलायन्स जिओकडे गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत आलेले आकडे असे होते: सुमारे १ लाख ९५ हजार जोडण्या, वर्षाचे बिल सुमारे १०० कोटी रुपये, आणि नव्या योजनेत ते निदान ३५ टक्क्यांनी कमी होणार. क गटातल्या कर्मचाऱ्यासाठी महिन्याला ६७ रुपयांत ३० जी.बी. डेटा, अशी ती योजना होती.

या ६७ रुपयांचा अर्थ नीट समजून घ्या. जिथे महिन्याला ठरावीक रक्कम जाते, तिथे तुम्ही घरी दोन मिनिटे बोललात म्हणून बिल वाढत नाही आणि न बोललात म्हणून कमी होत नाही. सोळा रुपये मिनिटाच्या काळातला धाक आता पैशाच्या नावाने दाखवता येत नाही. काही ठिकाणी तो अजून दाखवला जातो, त्याला आपण हिशेबाने उत्तर दिले पाहिजे. पण म्हणून कचेरीचा फोन आपल्या घरचा झाला असे कोणी समजू नये. पैशाचा प्रश्न लहान झाला तसे दुसरे तीन प्रश्न मोठे झाले. फोन कोणाचा, बोलणे कुठे, आणि विश्रांती कोणाची, हे ते तीन प्रश्न. ते एकेक घेऊ.

पहिला प्रश्न, फोन कोणाचा? रेल्वेत बऱ्याच ठिकाणी सी.यू.जी. नंबर माणसाचा नसतो, पदाचा असतो. स्टेशन मास्तर बदलून जातो, नंबर स्टेशनवर राहतो. इंजिनिअर निवृत्त होतो, नंबर नव्या इंजिनिअरच्या हातात जातो. आता आपले लोक काय करतात? हाच नंबर बँकेत देतात, गॅसला देतात, आधारला जोडतात, मुलाच्या कॉलेजात देतात. पंधरा वर्षे काही अडत नाही. मग बदली होते आणि बँकेचा ओटीपी दुसऱ्या माणसाच्या खिशात वाजू लागतो. निवृत्त झालेल्या माणसाची फंडाची, ग्रॅच्युइटीची रक्कम ज्या खात्यात येते, त्या खात्याची किल्ली त्याच्या जागी आलेल्याकडे राहते. तो माणूस भला असेल तर फोन करून सांगेल. पण आयुष्याची कमाई कोणाच्या भलेपणावर सोडायची नसते.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. ज्यांनी ज्यांनी कचेरीचा नंबर बँकेला, आधारला, पोस्टाच्या बचत खात्याला दिला असेल, त्यांनी या महिन्यात तो बदलून स्वतःचा द्यावा. शाखेच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांची यादी काढावी आणि प्रत्येकाला हे घरी जाऊन सांगावे. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे किंवा ज्यांना बँकेचे कागद भरता येत नाहीत, त्यांच्याबरोबर बँकेत जावे. युनियनचे काम म्हणजे फक्त मोर्चा नव्हे.

फोन कोणाचा, याचा दुसरा भाग म्हणजे त्याची नोंद कोणाकडे. हातोडा कोणाला लागला ते हातोडा सांगत नाही. फोन सांगतो. कोणाला, किती वाजता, किती सेकंद, सगळे कंपनीकडे लिहिलेले असते, आणि डिसेंबर २०२१ पासून ही नोंद कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपून ठेवायची आहे. कचेरीच्या फोनचे बिल कचेरीच्या नावावर असते, म्हणून ती नोंद मागवणे कचेरीला अवघड नाही. तेव्हा जे बोलणे चार लोकांत वाचले गेले तर तुम्हाला अवघडल्यासारखे होईल, ते त्या फोनवर बोलू नका आणि लिहू नका. युनियनची चर्चासुद्धा त्या फोनवर नको. तुमचा स्वतःचा फोन मात्र तुमचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. कोणी सुपरवायझर "दाखव बघू तुझे व्हॉट्सअॅप" म्हणाला, तर "लेखी आदेश द्या" एवढे शांतपणे म्हणा.

आणि घरातल्या मुलांच्या हातात कचेरीचा फोन देऊ नका. पोरगा खेळ खेळतो, फोन आपटतो, नको ते पान उघडतो, आणि उत्तर बापाला द्यावे लागते.

दुसरा प्रश्न, बोलणे कुठे? इथे मी जरा कडू बोलणार आहे. कारण हे आपले आपल्यालाच सांगावे लागते, साहेबाने सांगितले की चार्जशीट होते.

की-मन चार-पाच किलोमीटरची बीट एकटा चालतो. खांद्यावर पाना, हातोडा, झेंड्या. त्याचे कान हेच त्याचे संरक्षण. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज त्या कानाला लागला पाहिजे. त्या कानाला फोन लागला की संरक्षण गेले. डबल लाइनवर एका गाडीला वाट द्यायला दुसऱ्या लाइनवर सरकलेला माणूस दुसऱ्याच गाडीखाली येतो, हे आपण सगळे जाणतो. फोन बायकोचा असो की साहेबाचा, रूळ ओलांडून, सुरक्षित जागी उभे राहूनच घ्यायचा. साहेबाचा असला तरी. "तू बोलत का नव्हतास" असे विचारले तर "मी रुळावर होतो" हे पुरेसे उत्तर आहे, आणि त्या उत्तराच्या मागे युनियन उभी राहील.

गेटमनचेही तसेच. स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबर देत असताना दुसऱ्या कानात घरचे बोलणे चालू असेल तर एका आकड्याची चूक किती महाग पडेल, ते सांगायला नको. आणि धावत्या गाडीच्या इंजिनात तर प्रश्नच नाही. चालत्या गाडीत मोबाइल वापरायचा नाही, हा आदेश आहे आणि तो योग्य आहे. त्यात सवलत मागायला आपण कुठल्याही पी.एन.एम.मध्ये जाणार नाही. आपल्या मागे हजार-दीड हजार माणसे झोपलेली असतात.

पण याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यात कंटकापल्ली आणि अलमंडा या स्थानकांच्या दरम्यान एक पॅसेंजर गाडी दुसऱ्या पॅसेंजरवर मागून आदळली. १४ माणसे गेली. मार्च २०२४ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीरपणे सांगितले की लोको पायलट आणि सहाय्यक मोबाइलवर क्रिकेटची मॅच पाहत होते. सगळ्या देशात ते छापून आले. लोको पायलट त्या अपघातात गेलेला, मेलेला माणूस खुलासा कसा देणार? मग जुलै २०२४ मध्ये बातमी आली की रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत त्यांच्या फोनचा त्या वेळचा डेटा वापर शून्य निघाला. अपघातात चुका कोणाच्या आणि किती, हा वेगळा विषय आहे, त्यावर मी इथे बोलत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की फोनचा ठपका लावायला एक वाक्य पुरते आणि तो पुसायला नोंदीचा कागद लागतो. जी नोंद आपल्याला अडकवते, तीच आपल्याला सोडवते. अट एकच, आपला व्यवहार स्वच्छ पाहिजे. दहा जण ड्युटीवर सिनेमा बघत असतील तर अकराव्यावर खोटा आळ आला तरी लोकांना खरा वाटतो. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

आता तिसरा प्रश्न, विश्रांतीचा. तो घेण्याआधी घराबद्दल बोलू, कारण विश्रांती घरीच होते.

आपल्यातले कितीतरी मराठी कामगार महाराष्ट्राबाहेर आहेत. कोणी झाशीला, कोणी बिलासपूरला, कोणी गुंटकलला. घर लातूरला, परभणीला, यवतमाळला. म्हातारे आईबाप तिथे, बायको मुलांच्या शाळेसाठी तिथे, आणि हा एकटा क्वार्टरमध्ये डाळभात शिजवतो. अशा माणसाला दिवसातून एकदा घरचा आवाज ऐकावासा वाटला तर तो गुन्हा नाही. पूर्वी मोबाइल नव्हते तेव्हाही रेल्वेत घरचे निरोप जात होते. या स्टेशनच्या मास्तराने कंट्रोल फोनवर त्या स्टेशनच्या मास्तराला सांगायचे, त्याने गेटवर कळवायचे, गेटवरून मुकादमाकडे, आणि मुकादम बीटवर जाऊन सांगायचा, "अरे, तुझ्या घरी पोरगी झाली." नियमात ते कुठे लिहिलेले नव्हते. पण अडीअडचणीचा निरोप पोहोचवणे हे माणुसकीचे काम आहे, हे मास्तरापासून खलाशापर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. पोस्टातल्या बंधूंना तर हे मी काय सांगू? १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा घेतल्या गेल्या आणि ती सेवा बंद झाली. तोवर लोकांच्या जन्ममरणाचे निरोप पोस्टातल्या आणि तार खात्यातल्या माणसांनी उन्हातान्हात पोहोचवले. दुसऱ्याच्या घरचा निरोप पोहोचवणाऱ्याला स्वतःच्या घरचा निरोप वेळेवर मिळू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

आज हातात यंत्र आले आणि निरोप मात्र अडला. लोको पायलटचा फोन ड्युटीवर बंद. बरोबर आहे. पण घरी बापाला झटका आला तर घरच्यांनी कोणाला सांगायचे? लॉबीचा नंबर घरी माहीत नसतो. माहीत असला तर "गाडी पोहोचल्यावर सांगू" असे उत्तर मिळते. माणूस सात-आठ तास गाडी चालवतो, रनिंग रूममध्ये येऊन फोन चालू करतो, आणि वीस मिस्ड कॉल दिसतात. तोवर इकडे सगळे संपलेले असते. म्हणून आपली मागणी अशी आहे: ज्याचा फोन तुम्ही सुरक्षेसाठी बंद ठेवायला लावता, त्याच्या घरचा तातडीचा निरोप घेण्याची, तो नोंदवहीत वेळ घालून लिहिण्याची आणि पुढच्या थांब्यावर रिलीफची व्यवस्था करून तो पोहोचवण्याची जबाबदारी तुमची. फोन बंद ठेवण्याचा आदेश लेखी आहे, तर ही जबाबदारीही लेखी पाहिजे.

आणि ज्यांच्या कामात फोनवर बोलल्याने धोका नाही, त्यांना ड्युटीत अडीअडचणीचा घरचा फोन थोडक्यात घेण्याची, करण्याची मुभा लेखी पाहिजे. आज ती साहेबाच्या मर्जीवर आहे. मर्जीतला माणूस अर्धा तास बोलतो, कोणी पाहत नाही. मर्जीतून उतरलेला दोन मिनिटे बोलतो आणि मेमो घेतो. मर्जीवरची सवलत ही सवलत नसते, ती दोरी असते.

आता विश्रांती. पूर्वी रनिंग स्टाफला ड्युटीवर बोलवायला कॉल बॉय येत असे. सायकलवरून क्वार्टरवर यायचा, दार वाजवायचा, कॉल बुक पुढे करायचा. वेळ लिहून सही घ्यायचा. त्या वहीत पुरावा होता की कॉल किती वाजता दिला आणि विश्रांती पुरी झाली होती की नाही. आता फोन वाजतो. कॉलसाठी वाजतो ते ठीक आहे, पण मध्येच "जरा लवकर येता का", "उद्या कोण येणार", "त्या दिवशीच्या गाडीचे काय झाले" यासाठीही वाजतो. मुख्यालयी रनिंग स्टाफला आठ तास किंवा जास्त ड्युटीनंतर सोळा तासांची विश्रांती असते. सोळा तासांत चार वेळा फोन वाजला तर ती विश्रांती कागदावर सोळा तास आणि डोळ्यांवर चार तास. १९८९ च्या रेल्वे कायद्यात सातत्याच्या कामावरच्या कामगाराला आठवड्यात सलग ३० तास विश्रांती लिहिली आहे. सलग या शब्दाचा अर्थ काय? फोन वाजेपर्यंत?

आणि हा फोन कचेरीचाच असतो असेही नाही. ज्यांना सी.यू.जी. दिलेला नाही त्यांच्या स्वतःच्या फोनवर काम चालते. गँगचा व्हॉट्सअॅप ग्रुप स्वतःच्या फोनवर. कामाचे फोटो स्वतःच्या फोनवरून पाठवायचे. पगारपत्रक, रजा, पास, सगळे स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या डेटावर. पोस्टात पहा. डिसेंबर २०१७ मध्ये दर्पण योजना आली आणि सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरांत हातातली यंत्रे द्यायचे ठरले. १ सप्टेंबर २०१८ रोजी पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपीवर वाटपाची सोय आली. सगळे काम यंत्रावर आले. पण डोंगरातल्या गावात रेंज नसते तेव्हा ग्रामीण डाक सेवक काय करतो? टेकडीवर चढतो, नाहीतर स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून खात्याचे काम पुरे करतो. त्याला पैसे मिळतात चार-पाच तासांच्या कामाचे. फोन मात्र वेळ-काळ पाहत नाही.

म्हणजे बघा. कचेरीच्या फोनवरून आपण घरी केलेल्या दोन मिनिटांचा हिशेब आहे. आपल्या फोनवरून कचेरीच्या कामासाठी गेलेल्या दोन तासांचा हिशेब कुठे आहे? माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. हिशेब ठेवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी ठेवा. आमची बाजू मांडायला आम्ही तयार आहोत.

हे नुसते बोलणे नाही. आमच्या शाखेकडे एकदा एका ट्रॅक मेंटेनरचा कागद आला. घर मराठवाड्यात, नेमणूक परराज्यात. बायको बाळंतपणाला अडलेली. त्या आठवड्यात त्याने सी.यू.जी. फोनवरून घरी पुष्कळ कॉल केले. मेमो आला, ड्युटीत खासगी कॉल केले म्हणून वसुली का करू नये. आम्ही त्याला सांगितले, माफीनामा लिहू नकोस, खोटेही लिहू नकोस. उत्तरात एवढेच लिही की कोणते कॉल, किती वाजता, किती रुपयांचे, त्याची तपशीलवार नोंद द्या, म्हणजे मी मुद्देसूद उत्तर देतो. आठवडाभर टाळाटाळ झाली. मग नोंद आली. घरचे कॉल त्यात होतेच, बहुतेक रात्रीचे, काही ड्युटीतले. पण त्याच नोंदीत आलेले कॉलही होते. त्याच्या विश्रांतीच्या दिवशी, रात्री अकरा वाजता, पहाटे चार वाजता, सुपरवायझरच्या नंबरावरून. आणि रुपयांच्या खान्यात घरच्या कॉलपुढे जादा आकार काहीच नव्हता, कारण योजना ठरावीक रकमेची होती. आम्ही दोन्ही गोष्टींवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि तो कागद साहेबांपुढे ठेवला. मेमो मागे घेतला गेला.

पण बाहेर आल्यावर त्याच माणसाला आम्ही जवळ बसवून सांगितले की ड्युटीतल्या कॉलपैकी दोन तो बीटवर चालत असताना केलेले आहेत. तुझी बायको सुखरूप, बाळ सुखरूप. तू रुळावर गेला असतास तर त्या बाळाला काय सांगायचे होते? त्याने मान खाली घातली. प्रशासनासमोर त्याची बाजू घेणे आणि घरात त्याला दोन शब्द सुनावणे ही दोन्ही कामे एकाच युनियनची आहेत. पहिले करून दुसरे टाळणारी युनियन कामगाराचे भले करत नाही.

आता मेमो आला तर काय करायचे, ते थोडक्यात सांगतो.

घाबरून त्याच दिवशी सही करून पैसे भरू नका. रेल्वेत निष्काळजीपणामुळे किंवा आदेश मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीची पगारातून वसुली ही १९६८ च्या शिस्त आणि अपील नियमांतली एक शिक्षा आहे. किरकोळ शिक्षा म्हणतात, पण शिक्षाच. ती द्यायची तर आधी एस.एफ.-११ द्यावा लागतो आणि उत्तराची संधी द्यावी लागते. पोस्टात १९६५ च्या नियमांखाली तीच गोष्ट नियम १६ च्या मेमोने होते. तोंडी "पुढच्या महिन्यात कापतो" म्हणणे चालत नाही. उत्तर मुदतीत द्या. मुदत दहा दिवसांची असेल तर अकराव्या दिवशी शाखेत येऊन उपयोग नाही. उत्तरात तपशीलवार नोंद मागा. योजनेची रक्कम ठरावीक आहे की कॉलमागे आहे, ते विचारा. ज्या परिपत्रकाचा भंग झाला म्हणतात, त्याची प्रत मागा आणि ती तुम्हाला कधी दिली गेली, ते विचारा. खासगी कॉल खरोखर पैसे लागून केले असतील तर ती रक्कम मान्य करा आणि भरा. दहा-वीस रुपयांसाठी खोटे बोलून नोकरीवर डाग घेऊ नका. पण न लागलेले पैसेही भरू नका.

आणखी एक सवय लावून घ्या. दीड-दोनशे पानांची एक वही घ्या. विश्रांतीत आलेला प्रत्येक कचेरीचा फोन तारीख, वेळ आणि काम घालून लिहा. स्वतःच्या फोनवरून कचेरीसाठी केलेले काम लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही शाखेत दाखवा. फोनमधली नोंद पुसली जाते, फोन बदलतो, वही राहते. "आम्हाला फार त्रास होतो" असे म्हणून वाटाघाटीच्या टेबलावर काही मिळत नाही. "या गँगमधल्या माणसांना या महिन्यात विश्रांतीत इतक्या वेळा उठवले" असे आकड्यांत म्हटले की समोरच्याला कागद उघडावा लागतो.

या विषयावर देशातही विचार सुरू आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत, कामाच्या वेळेनंतर कचेरीच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कामगाराला असावा, असे खासगी विधेयक मांडले होते. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचे पुढे कायदे क्वचितच होतात, हे खरे. फ्रान्समध्ये मात्र असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. रेल्वे आणि पोस्ट ही चोवीस तासांची खाती आहेत, पूर आला, दरड कोसळली तर आपल्याला उठवावेच लागेल. कोकणात पावसाळ्यात रात्री दरडीवर डोळा ठेवणारा पेट्रोलमन उठवला म्हणून कधी तक्रार करत नाही, आणि करणारही नाही. पण दरड वेगळी आणि "उद्याचा रिपोर्ट कुठे आहे" वेगळा. हा फरक लेखी करून घ्यायचा आहे.

म्हणून या वर्गातून आपण ठरावाच्या रूपाने पुढील मागण्या फेडरेशनकडे पाठवू. एक, कचेरीच्या फोनच्या वापराचे स्पष्ट परिपत्रक हिंदीत आणि प्रादेशिक भाषेत निघावे आणि फोन देतानाच त्याची प्रत सही घेऊन द्यावी. दोन, धोका नसलेल्या जागी अडीअडचणीचा घरचा फोन थोडक्यात करण्याची मुभा त्यात लिहावी. तीन, ज्यांचे फोन बंद ठेवले जातात त्यांच्या घरचा तातडीचा निरोप नोंदवून पोहोचवण्याची जबाबदारी लॉबीवर आणि कंट्रोलवर टाकावी, आणि तो नंबर प्रत्येकाच्या घरी कळवावा. चार, तपशीलवार नोंद आणि उत्तराची संधी दिल्याशिवाय एक रुपयाही कापू नये. पाच, विश्रांतीत केलेल्या प्रत्येक कॉलची नोंद व्हावी आणि विश्रांती मोडली तर ती भरून द्यावी. सहा, ज्यांच्याकडून फोनवर काम घ्यायचे आहे त्यांना फोन द्यावा, नाहीतर त्याचा खर्च द्यावा. ग्रामीण डाक सेवकही यात आले पाहिजेत. सात, जिथे रेंज नाही तिथे बीटवर जाणाऱ्याला वॉकी-टॉकी द्यावा. आठ, बदली किंवा निवृत्तीच्या वेळी नंबर सोडण्याआधी बँकेची कामे उरकायला पुरेसे दिवस द्यावेत.

आठवी मागणी छोटी वाटते. पण ज्याच्या खात्यातली रक्कम अडकेल, त्याला ती पहिली वाटेल.

या मागण्या मागताना आपले हात स्वच्छ असले पाहिजेत. रुळावर फोन नाही, गेटवर गप्पा नाहीत, इंजिनात तर नावही नको. हे आपण पाळले की मग टेबलापलीकडच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारता येते, आमची दोन मिनिटे मोजलीत, आता तुमचे दोन तास मोजू या. इथून गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गँगमध्ये, लॉबीत, सॉर्टिंगच्या टेबलावर निदान पाच जणांना हे सांगावे, आणि उद्याच वही विकत घ्यावी.

कामगार एकजुटीचा विजय असो.